साहेबांच्या ताटातली मरळ

मी कन्हानच्या काठावरचा कहू. पुस्तकात मला अर्जुनसादडा म्हणतात, पण इथल्या मासेमार ढिवरांनी कहू म्हटले आणि मी त्याच नावाला ओ देत आलो. निम्मी मुळे जमिनीत, निम्मी डोहाच्या पाण्यात. मी कोणाच्या मालकीचा नाही, म्हणून माझ्या वतीने आजवर कोणी अर्ज केला नाही. आज मीच बोलतो.

माझ्या मुळांखाली मासळीचे एक गाव नांदत होते. मरळ, शिंगाडे, वांबी, झिंगे. कासवे माझ्या आडव्या मुळावर ऊन खात बसत. पाणमांजरांची एक जोडी समोरच्या कपारीत राहायला आली, ते साल एकसष्ट. त्याच साली रुखमाबाई लग्न होऊन ढिवरांच्या वस्तीत, ढिवरटोलीत, आली.

टोलीचा एक रिवाज होता. नदीत कुठेही जाळे टाका, या डोहात नाही. रुखमाबाई टोलीत नव्याने आलेल्या सुनांना सांगायची, "हे मासळीचं माहेर हाये वं. माहेरात कोनी जाळं टाकते काय?" पाटी नव्हती, पहारेकरी नव्हता, तरी रिवाज मोडला नाही.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात वरच्या अंगाला दारू गाळायचा कारखाना सुरू झाला. एका सकाळी काकवीसारखे काळे पाणी आले, जळक्या गुळाच्या वासाचे. झिंगे जीव घेऊन माझ्या मुळांवर चढले आणि तिथेच वाळले. पाणमांजरे त्याच आठवड्यात निघून गेली. कुठे गेली, मला दिसले नाही. झाडाला मान वळवता येत नाही.

मग दर वर्षी हिवाळ्यापासून पावसाळा लागेपर्यंत तेच. रुखमाबाईचा मुलगा बळीराम सातवी शिकलेला. तो माझ्या बुंध्याला पाठ टेकून अर्ज लिहायचा. सहा वर्षे लिहिले. उत्तर आले ऐंशीच्या जून महिन्यात, जीपमध्ये बसून.

पाणी तपासणीचे साहेब नागपूरच्या रामदासपेठेत राहणारे, स्वच्छ कपड्यांचे, बोलायला गोड. ते येणार हे कारखान्याला आधीच ठाऊक होते. त्याचा काळ्या पाण्याचा नाला दोन दिवस बंद होता आणि नदी निवळली होती. साहेबांनी बाटली भरली, उन्हात धरली.

"पाणी तर स्वच्छ दिसतंय."

"आज दिसून राह्यलं, साहेब," बळीराम म्हणाला. "परवा या, न सांगता."

"परवा रविवार आहे."

ऊन डोक्यावर आले. साहेब माझ्या सावलीत खाटेवर टेकले. रुखमाबाईने मुलाला माझ्याआड बोलावले.

"बळीराम, जाळं आन गा."

"काहून?"

"साहेब आपल्यासाठी एवढ्या उन्हाचे आले. चटनी-भाकर वाढू काय त्याइले?"

"नदीत काही नाही, माय. डोहात आठ-दहा मरळी उरल्या असतीन. अन् रिवाज?"

"पावना उपाशी गेला तं रिवाज घेऊन काय करतं? जाय."

डोहात पहिले जाळे त्या दुपारी पडले, माझ्या मुळांवरून. दोन मरळी आल्या, नर आणि मादी. त्यांची पिले मुळांखाली होती. मरळ पिले टाकून हलत नाही, म्हणूनच ती सहज सापडली. लाल पिलांचा झुबका त्याच जागी संध्याकाळपर्यंत फिरत राहिला. मग एकेक करून बाकीच्या माशांनी खाल्ली.

साहेब पोटभर जेवले. दोनदा रस्सा मागून घेतला. "असा मासा नागपुरात मिळत नाही, आई," असे म्हणाले. रुखमाबाईचा चेहरा उजळला. मला वाटते, तिला त्या क्षणी खात्री झाली की आता काळे पाणी थांबणार. एवढे खाऊन-पिऊन गेलेला माणूस आपले वाईट कसे करील?

पोळ्याच्या आधी कागद आला. बळीरामने तो माझ्याखालीच वाचला. नदीत मासे मुबलक असून ते ग्रामस्थांच्या नित्य आहारात आहेत. प्रस्तुत अधिकाऱ्याने प्रत्यक्ष सेवन करून खात्री केली आहे. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

"सेवन मंजे?" रुखमाबाईने विचारले.

"जेवला, माय. जेवला मनते तो."

तिने कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाली, "मंग काय उपाशी धाडाचा होता?"

बळीरामने कागदाची घडी घातली. साहेब लबाड होते असे मी म्हणणार नाही. ते जेवले आणि जेवल्याचे लिहिले. त्यांच्या ताटापुरता तो कागद खरा होता, आणि त्या कागदाने एक नदी मारली.

त्या हिवाळ्यात नाला पुन्हा सुटला. डोहातल्या उरलेल्या मरळी पोट वर करून माझ्या मुळांत अडकल्या. रुखमाबाईने त्या हाताने सोडवल्या. बळीराम आता त्याच कारखान्याच्या फाटकावर हमाली करतो. माझा शेंडा वाळला आहे. खंड्या एखादे वेळी येऊन बसतो, पाण्याकडे पाहतो आणि सूर न मारता उडून जातो.

तुमच्यापैकी कोणाला इथे चौकशीला यायचे असेल तर जरूर या. सावली अजून थोडी आहे. फक्त न सांगता या आणि आपला डबा घेऊन या. या लोकांना पाहुण्याला उपाशी पाठवता येत नाही.

यंदा, पंच्याऐंशीच्या जानेवारीत, एक नवे साहेब आले. रुखमाबाईने त्यांच्यापुढे नदीच्या पाण्याने भरलेला तांब्या ठेवला. "घ्या साहेब. आमच्या घरी आता हेच हाये."

साहेबांनी तांब्या उचलला, वास घेतला आणि खाली ठेवला.

"मंग लिवा," ती म्हणाली. "पेलो नाही, एवढंच लिवा."

साहेबांनी पेनचे टोपण लावले, वर विचारून कळवतो म्हणाले आणि जीपकडे गेले. पाहुण्यापुढे ठेवलेले पाणी फेकायचे नसते, म्हणून तिने सवयीने ते माझ्या बुंध्याशी ओतले. मी ते प्यालो. मला दुसरे पाणी नाही.