सम्राटाची टोपी आणि ओवीचा हार

मित्रांनो, मी एक जुना सनशेड आहे. गाडीच्या काचेला टेकून उन्हाला चंदेरी छाती दाखवायची, एवढंच माझं काम. आखातातल्या अल वक्राच्या मेट्रो स्टेशनबाहेर प्रतापरावांच्या गाडीत मी उन्हाळेच्या उन्हाळे काढले. कौतुक कोणी केलं नाही. स्टिअरिंग रोज गार राहायचं, पण तेही कधी काही बोललं नाही.

मग एके दिवशी त्यांच्या बायकोने, नुपूरताईंनी, मला दुमडून टोपीसारखं शिवलं, काळा रंग फासला आणि लेकीच्या डोक्यावर ठेवलं. मराठी मंडळाच्या नाटकात ओवी नेपोलियन होणार होती. खरा नेपोलियन तोफखान्यातून वर आला, लढाया करून सम्राट झाला. मला फक्त वाळावं लागलं.

ओवीला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. नाशिकचे आजोबा, दत्तोपंत, दुसऱ्या दिवशी परत निघणार होते. नातीच्या तोंडून मराठी ऐकायचं राहूनच गेलं, ही त्यांची रुखरुख.

"आजोबा, प्रॉमिस. फुल मराठी," ओवी म्हणाली होती.

तिने युरोप धडाधड जिंकला. रशियातली थंडी एसीमुळे खरी वाटली. मग वॉटर्लू आलं. शत्रूचा सेनापती झालेला कैवल्य ओरडला, "नेपोलियन, ही तुझी हार!"

ओवीने मान पुढे केली आणि तशीच उभी राहिली. गळ्यात हार पडायची वाट बघत.

सभागृह खदखदून हसलं. पडद्याआडून नुपूरताई कुजबुजल्या, "अगं, हार म्हणजे डिफीट!"

ओवीने मला डोळ्यांवर ओढलं. आता रडू येणार किंवा इंग्रजी, हे मला वरून कळत होतं.

तेवढ्यात दत्तोपंत उठले. "बाप्पा, जरा उसना," म्हणत त्यांनी गणपतीच्या तसबिरीचा हार काढला, मंचावर चढले आणि तिच्या गळ्यात घातला.

"लढलास ना, राजा? मग हार हवाच."

ओवीने नाक ओढलं. "आजोबा," ती खणखणीत म्हणाली, "माझी हार झाली. पण माझा हार छान आहे."

"खलास!" आजोबा डोळे पुसत म्हणाले. "आता मी सुखाने विमानात बसतो."

दुसऱ्या दिवशी विमानतळाच्या पार्किंगमध्ये नुपूरताईंनी माझी शिवण उसवून मला पुन्हा काचेला लावलं. हरलेल्या सम्राटाला दूरच्या बेटावर धाडलं होतं. मला माझीच गाडी मिळाली. केवढे उपकार! समोर आरशाला तो सुकलेला हार अजून लटकतोय.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका. आणि कोणी हरलं, तर हसून झाल्यावर त्याला एक हार घाला. गणपतीला विचारून.