श्रवणाचे वीस गुण

जर्मनच्या बाईंनी पाठ्यपुस्तक चेहऱ्यासमोर धरले आणि त्याआडून एक सोपे वाक्य वाचले. समोर बसलेल्या मुलीने पेन्सिल उचलली, पण काही लिहिले नाही. बाईंनी पुस्तक खाली घेऊन तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हटले. मुलीने ते बिनचूक उतरवले.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नाही, ही शिस्त बाईंच्या अंगात मुरलेली होती. त्यांनी दहा वाक्ये घेतली. पाच पुस्तकाआडून, पाच समोरून, क्रम उलटसुलट. समोरची पाचही बरोबर आली, आडची एकही नाही.

हा प्रयोग सहा महिन्यांपूर्वी करायला हवा होता. मुलीला लेखीत ऐंशीपैकी बहात्तर पडत. एकेकाला वेगळे बसवून ध्वनिफितीवर घेतलेल्या श्रवणचाचणीत वीसपैकी दोन. तेव्हा बाईंनी याचा सोपा अर्थ लावला होता. "एकटं बसवलं की शेजारणीची वही दिसत नाही, नाही का?" असे त्यांनी भर वर्गात विचारले होते. वर्ग मनसोक्त हसला होता.

बाईंनी बोलावल्यावर मुलीची आई कारखान्यातून परस्पर शाळेत आली, केसांत सुताची कुसे तशीच. ती अठरा वर्षे यंत्रमागावर होती. मुलीला कमी ऐकू येते हे घरी कधी जाणवले नाही का, असे बाईंनी विचारल्यावर तिला हसूच आले.

"अहो बाई, आमच्या खात्यात कानाशी येऊन बोंबललं तरी कळत नाही. सगळ्याजणी ओठांवरूनच बोलतो. मालकाची खरडपट्टीसुद्धा त्याच्या नाकासमोर काढतो, त्याला पत्ता नसतो. घरी तीच सवय. हिला तर बोलता यायच्या आधीपासून ओठ वाचता येतात. मला वाटायचं..."

ती थांबली. मुलगी तिच्या तोंडाकडे पाहत होती.

"मला वाटायचं, हुशार आहे."

"मला वाटायचं, सगळ्यांना एवढंच ऐकू येतं," मुलगी म्हणाली.

बाईंनी परीक्षा मंडळाला फोन लावला. तिथला कारकून फार सौजन्याने बोलला. वैद्यकीय प्रमाणपत्रासह सवलतीचा अर्ज केल्यास परीक्षक समोर बसून उतारा वाचतो, अशी सोय होती. मुदत दीड महिन्यापूर्वी संपली होती. पुढच्या वर्षी अवश्य अर्ज करा, असे त्याने सुचवले. श्रवणात किमान सात गुण नसतील तर संपूर्ण विषय नापास, आणि जर्मन नापास म्हणजे परदेशातल्या वस्त्रतंत्राच्या प्रशिक्षणासाठी मुलीला मिळालेली जागा रद्द. ती जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवत नसत. बाईंनी त्या संस्थेलाही पत्र लिहिले. नियमांची प्रत उत्तरादाखल आली.

परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षक कमी पडले म्हणून बाईंनाच वर्गावर नेमण्यात आले. ध्वनिक्षेपक मागच्या भिंतीवर होता. प्रत्येक उतारा दोनदा ऐकवला जाणार होता.

पहिल्यांदा बाईंनी तो लक्षपूर्वक ऐकला. मुलगी कोऱ्या रकान्यांकडे पाहत बसली होती. दुसऱ्यांदा उतारा सुरू झाला तेव्हा बाई तिच्या बाकापासून दोन पावलांवर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा दाराकडे पाहिले. मग ध्वनिफितीच्या मागोमाग, आवाज न करता, त्यांचे ओठ हलू लागले. आजवर त्यांनी परीक्षेचा एकही नियम मोडलेला नव्हता.

मुलीने मान वर केली. काय चालले आहे हे तिला लगेच कळले. तिच्याइतके चटकन ते दुसऱ्या कोणाला कळले नसते. दोनतीन सेकंद ती पाहत राहिली. मग तिने डावा तळवा कपाळावर आडवा धरला, उन्हात धरतात तसा, बाईंचा चेहरा झाकेल इतका खाली, आणि डोळे कागदावर ठेवले.

बाईंचे ओठ आणखी दोन वाक्ये हलत राहिले.