हॅगस्ट्रॉमला दिलेली जोड

दिनांक दहा ऑक्टोबर, मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा. स्थळ वॉशिंग्टन, सिनेटचे सभागृह. या गोष्टीला आता चव्वेचाळीस वर्षे झाली. मतदानाच्या वेळी सदस्यांची नावे पुकारण्याचे काम तेव्हा माझ्याकडे होते. म्हणून जे सांगतो आहे ते ऐकीव नाही.

पूर्वी सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांवरून भांडणे होत नसत, असे माझ्या वयाची माणसे सांगतात. ते खोटे आहे. न्यायाधीश होरेस मॅब्री यांच्या नावावरून दोन्ही पक्षांनी सहा आठवडे एकमेकांची अब्रू काढली होती. परंतु त्या भांडणालाही काही रीत होती, आणि त्या रीतीतलीच एक गोष्ट म्हणजे जोड. एखादा सदस्य आजारपणामुळे येऊ शकला नाही, तर विरुद्ध मताचा एक सदस्य सभागृहात हजर राहूनही आपले मत देत नसे. एकाच्या गैरहजेरीने निकाल फिरू नये, एवढाच त्यामागचा हेतू. त्याला ना कागद लागे, ना सही. आता ही रीत जवळजवळ उरलेली नाही, आणि तिच्याविषयी बोलताना माझा आवाज थोडा हळवा होतो, हे मी आधीच मान्य करतो.

केंटकीचे अ‍ॅम्ब्रोज टॉलिव्हर आणि मिनेसोटाचे नील्स हॅगस्ट्रॉम एकमेकांच्या विरुद्ध पक्षांत होते. सव्वीस वर्षांत एकाही महत्त्वाच्या प्रश्नावर त्यांचे मत जुळले नाही, आणि दर गुरुवारी खालच्या भोजनगृहात घेवड्याचे सूप मात्र त्यांनी एकाच टेबलावर घेतले. हॅगस्ट्रॉम चव न बघताच त्यात मीठ घालत.

"चाखून तरी बघ, गाढवा," टॉलिव्हर म्हणत.

"तुझी भाषणं ऐकायच्या आधीच मी विरोधात मत ठरवतो. कधी चुकलोय?"

सप्टेंबरअखेर हॅगस्ट्रॉम रुग्णालयात गेले. टॉलिव्हर त्यांना भेटायला गेले आणि मॅब्रींच्या नेमणुकीवरच्या मतदानासाठी जोड देऊन आले. त्यांच्या पक्षाचे नेते ड्वाइट पॅरिश यांनी कपाळावर हात मारला, कारण मॅब्री हे टॉलिव्हरांचे चाळीस वर्षांचे मित्र. लेक्सिंग्टनमध्ये दोघांनी एकत्र वकिली केलेली, आणि राष्ट्राध्यक्षांना त्यांचे नाव सुचवले तेही टॉलिव्हरांनीच.

"त्यानं मागितली म्हणून दिलीस?"

"मागितली नाही. मागितली असती तर कदाचित नाही म्हटलं असतं."

आकडे असे होते. एक जागा रिकामी असल्याने सदस्य नव्याण्णव. त्यांतले पन्नास मॅब्रींच्या विरोधात, एकोणपन्नास बाजूने. हॅगस्ट्रॉम विरोधातले. ते नसताना टॉलिव्हरांनी मत दिले, तर मते समसमान होणार, आणि अध्यक्षस्थानी बसलेले उपराष्ट्राध्यक्ष आपल्या मताने मॅब्रींची नेमणूक मंजूर करणार. टॉलिव्हर गप्प राहिले, तर मॅब्री एका मताने पडणार.

मी इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने नावे पुकारू लागलो. हॅगस्ट्रॉमचे नाव आले, उत्तर आले नाही, मी पुढे गेलो. 'प'च्या आसपास पॅरिश यांच्या हातात कोणीतरी चिठ्ठी दिली. ती वाचून ते पहिल्या रांगेत टॉलिव्हरांच्या बाकापाशी आले. तो बाक माझ्या मेजापासून चार पावलांवर होता.

"नील्स गेला. अकराला वीस कमी असताना. त्याच्या बायकोचाच फोन होता."

टॉलिव्हरांनी चष्मा काढला.

"फार वाईट झालं, अ‍ॅम्ब्रोज. पण ऐक. मेलेल्या माणसाशी जोड नसते. तू मोकळा झालास."

"त्याला जाऊन तासही झाला नाही, ड्वाइट. थडगं खणणारेसुद्धा एवढी घाई करत नाहीत."

"तुझं नाव यायचंय म्हणून सांगतोय. होरेस घरी फोनजवळ बसलाय. त्याला काय तोंड दाखवशील?"

"तेच तर मला समजत नाहीये."

येथे मला एक कबुली द्यायची आहे. पुकारण्याची गती सारखी ठेवावी असा दंडक आहे. त्या दिवशी मी प्रत्येक नावानंतर एक श्वास जास्त थांबलो. तरी 'ट' आलाच.

"श्री. टॉलिव्हर."

ते उठले. "मिनेसोटाच्या ज्येष्ठ सदस्यांशी माझी जोड आहे. ते इथे असते तर त्यांनी 'नाही' म्हटलं असतं. मला मोकळीक असती तर मी 'हो' म्हटलं असतं. म्हणून मी माझं मत देत नाही."

बाजूने अठ्ठेचाळीस, विरोधात एकोणपन्नास. निकाल जाहीर झाल्यावरच मृत्यूची वार्ता सभागृहाला सांगण्यात आली.

मी या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ वाद घातला आहे, बहुतेक वेळा स्वतःशीच. जोड गैरहजर माणसासाठी असते आणि मृत माणूस गैरहजर नसतो, तो सदस्यच नसतो. या युक्तिवादाला माझ्याकडे चोख उत्तर नाही. तरीही दिलेला शब्द ऐकणाऱ्याच्या श्वासावर अवलंबून असतो, हे मला पटत नाही.

मॅब्रींनी सात महिने टॉलिव्हरांशी संबंध ठेवला नाही. पत्राला उत्तर नाही, नाताळचे कार्ड नाही. मे महिन्यात मी टॉलिव्हरांकडे केंटकीला गेलो होतो. आम्ही ओसरीवर बसलो असता फाटकाशी गाडी थांबली, आणि काखेत कापडात गुंडाळलेली डुकराची खारवलेली मांडी घेऊन मॅब्री उतरले.

"भांडायला आलास?" टॉलिव्हर उठलेही नाहीत.

"जेवायला आलोय. ही घरात ठेव." मग माझ्याकडे वळून, "पिकेट, तुम्ही तिथे होतात. हा नेमकं काय म्हणाला?"

मी शब्द न बदलता म्हणून दाखवले. मॅब्री डोळे मिटून ऐकत होते, न्यायालयात ऐकत तसे. त्यांनी पुन्हा एकदा म्हणायला लावले. नंतर त्यांनी टॉलिव्हरांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि तिच्यात बसले.

"जोड माणसाबरोबर संपते, अ‍ॅम्ब्रोज," ते म्हणाले. "तुझं चुकलं."