लख्ख पुसलेला सेन्सर

बारक्याने खिशातून फडकं काढलं आणि लेथ मशीनच्या दाराशी गुडघे टेकले. पन्नाशी उलटली होती, डोक्यावर मोजके केस उरले होते, तरी कारखान्यात तो बारक्याच. हे नाव ठेवलं होतं दाजींनी, म्हणजे त्याच्या ताईच्या नवऱ्याने. याच मशीनवर ते ऑपरेटर होते. मेंटेनन्सला लागलेल्या या मेहुण्याला मशीन बघायचं कसं, हेही त्यांनीच शिकवलं. आधी पुसून घे, मग बघ.

"थांबा," नवी ऑपरेटर म्हणाली. "पुसू नका. आधी बघा."

"अहो बाई, सगळं कूलंटच्या तेलकट पाण्याने बरबटलंय. काय दिसणार त्यात?"

"आणि पुसल्यावर काय दिसणार? मी दार उघडलं तर आत चक गरागरा फिरतोय. हात मागे घेतला म्हणून वाचले. आता तुम्ही सगळं चकाचक करणार, मशीन नीट चालणार, मग म्हणणार हिनेच वायर लावली असेल. मी वायरबियर काही लावलेली नाही."

बारक्याचा हात तिथेच थांबला. फडकं गुडघ्यावर ठेवून त्याने टॉर्च लावला.

दाराच्या चौकटीत अंगठ्याएवढा सेन्सर असतो. दाराची लोखंडी पट्टी समोर आली की त्याचा पिवळा दिवा लागतो आणि मशीन समजतं, दार बंद आहे. दार उघडलं की दिवा विझायला हवा, लोखंडाचा तुकडा पकडून फिरवणारा चक थांबायला हवा. आता दार सताड उघडं होतं आणि दिवा खुशाल जळत होता. सेन्सरच्या तोंडावर लोखंडाचा बारीक कीस कूलंटमध्ये कालवून थापल्यासारखा बसला होता. मशीन त्या किसालाच दार समजत होतं.

त्याने नखाने कीस खरवडला. दिवा विझला. दार लावलं, लागला. उघडलं, विझला. सेन्सर ठणठणीत.

सहा वर्षांपूर्वीही सेन्सर असाच ठणठणीत निघाला होता.

त्या दिवशी दाजींना दवाखान्यात नेलं आणि हा फडकं घेऊन इथेच बसला. रक्त होतं, कूलंट होतं, याच्या डोळ्यांना धार लागलेली. रडत रडत त्याने सगळं लख्ख पुसलं आणि मगच तपासलं. दाजींच्या हत्यारांच्या पेटीत वायरचा एक तुकडा सापडला. वायर जोडून सेन्सरला फसवायची, म्हणजे दार उघडं ठेवूनही काम चालतं, ही खोड बऱ्याच जणांना असते. त्याने रिपोर्ट लिहिला, "सेन्सर चालू स्थितीत. ऑपरेटरने वायर जोडली असावी." खाली सही ठोकली. मशीनने तीन बोटं घेतली होती, नोकरी या सहीने घेतली.

दवाखान्यात दाजी एकदाच म्हणाले होते, "बारक्या, मी वायर लावली नव्हती रे." त्याने नुसती मान हलवली. पुढे तो विषय दोघांनीही काढला नाही. गेल्या वर्षी दाजी गेले, तोवर बारक्याने त्यांना मोठ्या मनाने माफ केलेलं होतं. केवढा दिलदार माणूस.

"काय निघालं?" ऑपरेटरने विचारलं.

"तुमची काही चूक नाही. तसं लिहून देतो," तो म्हणाला आणि त्याला भडभडून आलं. ती बिचारी गोंधळली. तिने पाण्याची बाटली पुढे केली.

पाळी सुटल्यावर तो घरी न जाता तडक ताईकडे गेला. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. समोर बसून, तिच्याकडे न बघता, त्याने सगळं सांगितलं. कीस, दिवा, फडकं.

ताईचे हात थांबले नाहीत.

"माहीत आहे," ती म्हणाली. "ते दवाखान्यातच म्हणाले होते. 'त्याने आधी पुसलं असणार. मीच लावलेली सवय आहे.'"

"मग सांगितलं का नाही मला?"

"मी निघाले होते सांगायला. त्यांनी अडवलं. म्हणाले, 'तो आपणहून विचारेल बघ, की दाजी, त्या दिवशी नक्की काय झालं?' तू यायचास, चहा प्यायचास, इकडचं तिकडचं बोलून जायचास. तू गेलास की ते दाराकडे बघत बसायचे."

"उद्या नवा रिपोर्ट लिहितो, ताई," तो कसंबसं म्हणाला.

"लिही."

तिने शेवटची घडी घातली, तिच्यावरून दोनदा हात फिरवला आणि उठली.

"बस. चहा ठेवते."

आतून पातेल्याचा आवाज आला, नळाचा आला. गॅस पेटल्याचा मात्र बराच वेळ आला नाही.