ओढायला माणसं नव्हती

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो. रापणीचा दोर. रापण म्हणजे काय, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसेल, म्हणून आधी तेच सांगतो. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं, त्याच्या दोन टोकांचे दोन दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्हीकडून माणसांनी एका दमात ओढायचे. एक बाजू ढिली पडली की मासळी तिकडून निसटते. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे.

माझा जन्म कोकणात, नाटे बंदराजवळच्या एका लहानशा गावात झाला. काशीनं नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कुजवली, बडवली, त्यांचा काथ्या काढला आणि मला पीळ दिला. तिचा नवरा महिपत रापणीचा प्रमुख होता. दर पावसाळ्याआधी काशी माझे सुटलेले पीळ नव्यानं भरायची, म्हणून मी इतकी वर्षं टिकलो. नाहीतर वाळूत घासून आणि उन्हात करपून काथ्याचं काय होतं, ते विचारूच नका.

आमच्या रापणीचा एक रिवाज होता. ज्यानं दोराला हात लावला, त्याला मासळी मिळायची. मग तो गावचा असो की वाटेवरचा. शाळेतले गुरुजी येता-जाता दोन हात ओढायचे आणि कालवणापुरते बांगडे घेऊन जायचे. महिपतनं या रिवाजाला एकच अपवाद केला होता. यमुनाबाईचा नवरा समुद्रात बुडाला तेव्हा तिचा रूपेश पाळण्यात होता. तिच्या घरून दोर ओढायला कुणीच नव्हतं, तरी तिचा वाटा कधी चुकला नाही. रूपेश त्याच मासळीवर वाढला. मला त्याचं तेव्हा कौतुक वाटायचं, हे आज सांगताना जीभ कडू होते. दोराला जीभ नसते म्हणा.

रूपेश मोठा झाला, हुशार निघाला. त्यानं मोठी बोट घेतली. तिच्यावर प्रखर दिवे लावले. त्या उजेडाला भुलून मासळी गोळा व्हायची आणि बोट ती लहानमोठी सगळी उपसून न्यायची. त्या दिव्यांना कायद्यानं बंदी होती, पण दिवे काही विझत नव्हते. आमच्या जाळ्यात शेवाळ आणि प्लॅस्टिक यायला लागलं. गावातले तरुण एकेक करून बोटीवर कामाला गेले. त्यांना मी दोष देत नाही. पोट सगळ्यांनाच आहे.

महिपत मात्र गप्प बसला नाही. तो एकटा रत्नागिरीला गेला, मत्स्य खात्याच्या साहेबांसमोर उभा राहिला आणि दिव्यांची तक्रार करून आला. रूपेशच्या बोटीवर कारवाई झाली. त्यानंतर रूपेश आमच्या अंगणात आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "काका, तुमी तुमचं केलात. आता मी माझं करतो. तुमच्या दोराला जो हात लावील, त्यानं माझ्या बोटीवर येऊ नये."

"तुझ्या आईक विचारलास काय, वाटा कुठून येत व्हता?" काशीनं विचारलं.

रूपेश चपला घालून निघून गेला.

पुढे एका दुपारी तारलीचा मोठा थवा अगदी किनाऱ्याजवळ आला. पाणी काळं दिसत होतं. अशी मासळी आमच्याकडे कित्येक वर्षांत फिरकली नव्हती. ही एक रापण हाती लागली असती तर महिपतचं जाळं, होडी आणि उरलीसुरली माणसं तगली असती. नाहीतर सगळंच संपणार होतं. महिपतजवळ उरलेल्या विठूनं होडी नेली, जाळं पडलं. एका दोराला महिपत, दुसऱ्याला काशी आणि विठू. सुरूच्या झाडांखाली अख्खा गाव उभा होता.

"संदेश, ये रे. दीपक, धर वायच," महिपत एकेकाला नावानं हाका मारत होता.

संदेश वाळूकडे बघत म्हणाला, "काका, उद्या बोटीवर घेतला नाय, तर पोरांना काय घालू?"

बाकीचे झाडांखालीच राहिले. दोघे-तिघे मोबाइलवर आमचं चित्रीकरण करत होते. काशीचे तळवे फुटले. माझ्या पिळांत तिचं रक्त भरलं आणि मी तसूभरही पुढे सरकलो नाही. मग ओहोटी लागली. जाळं खेचलं जाऊन फाटायला लागलं, तेव्हा महिपत छातीभर पाण्यात शिरला आणि त्यानं स्वतःच्या हातानं जाळ्याचं तोंड मोकळं केलं.

चेंगरून अर्धमेली झालेली तारली लाटांवर तरंगत किनाऱ्याला आली आणि झाडांखालचा गाव धावला. पिशव्या, बादल्या, कुणी अंगातला सदरा काढून. माझ्यावरून उड्या मारत गेले. दोर ओढायला बंदी होती, मासळी वेचायला नव्हती. संदेशही त्यांच्यात होता.

"नेऊ दे गो," ओल्या वाळूत बसलेला महिपत काशीला म्हणाला, "पोरं खातील."

मला त्याचा तो मोठेपणा मुळीच आवडला नाही. आजही आवडत नाही.

महिपतनं जाळं आणि होडी विकून टाकली. तो आता जयगडला एका गोदामावर पहारा देतो. मी घरामागच्या मांगरात, म्हणजे अडगळीच्या खोपटात, लाकडांच्या मागे पडून होतो. उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडलं.

यंदा नारळी पौर्णिमेला दीपक दारात आला. "काकी, दोर पायजे व्हता. रस्सीखेच ठेवलीय. आपली जुनी परंपरा म्हणून."

काशी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "ने. आता तरी लावा हात."

मित्रांनो, त्या दिवशी दोन्हीकडून मला इतक्या हातांनी धरलं की धरायला जागा उरली नाही. टाचा रोवून, दात-ओठ खाऊन ओढत होते. संदेश सर्वांत पुढे होता. जिंकणाऱ्यांना रूपेशच्या हस्ते ढाल मिळाली. मग त्यानं धाडस, चिकाटी आणि नेतृत्व यांवर भाषण केलं. टाळ्या पडल्या. मंडप उतरवून सगळे घरी गेले. मला परत पोचवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मी अजून त्याच मैदानात, रिकाम्या ग्लासांच्या ढिगाशेजारी आहे. मला उचलून नीट ठेवा, अशी विनंती मी तुम्हांला करणार नाही. तुमच्या गावातही एखादा महिपत भरल्या जाळ्यापाशी एकटा उभा असेल. त्याच्यावर पुढे भाषणं करू नका. तो हाक मारतो, तेव्हा झाडाखालून बाहेर या.