पहिली आई

सिनेमा संपून दिवे लागले तेव्हा इनेकेचे डोळे लाल झाले होते. टिलबर्गच्या त्या लहानशा थिएटरात दुपारच्या खेळाला बहुतेक बायकाच होत्या, आणि सगळ्याच पर्समध्ये रुमाल शोधत होत्या. पद्मजा मात्र कोट चढवून केव्हाची तयार बसली होती.

सिनेमा जुन्या काळचा होता. जावा बेटावरच्या एका डच मळेवाल्याला तिथल्याच बाईपासून झालेली मुलगी, रंगानं बापावर गेलेली. ती हेगला येते, गोऱ्यांत गोरी म्हणून मिसळून जाते, बड्या घरात लग्न करते. मागून तिची सावळी आई येते, तेव्हा तिला स्वयंपाकघरात ठेवते आणि पाहुण्यांना सांगते, ही आमची जुनी मोलकरीण. शेवटी आई मरते, आणि तिच्या दफनाला मुलगी मालकीण म्हणून चार पावलं लांब उभी राहते.

समोरच्या कॉफीच्या दुकानात बसल्यावर इनेके म्हणाली, "मला नाही कळत बाई. स्वतःच्या रक्ताच्या माणसाला असं कुणी नाकारू शकतं?"

"काळच तसा होता," मार्यान म्हणाली. या दोघींच्या मुली पद्मजाच्या मुलीच्या, संहिताच्या वर्गात होत्या.

"काळाला काय दोष द्यायचा? ही आपली पद्मा बघ. हिनं नेमकं उलट केलं. परक्याचं सावळं लेकरू आणलं, एकटीनं वाढवलं, आणि पोटच्या पोरीसारखं वाढवलं. यावर काढा म्हणावं सिनेमा!"

"पण त्याला तिकीट काढून कोण जाईल? त्यात कुणी मरत नाही," मार्यान म्हणाली, आणि तिघी हसल्या. पद्मजाही हसली. समोरचा सफरचंदाचा केक तिनं काट्यानं इतका बारीक केला होता की तो आता उचलता येत नव्हता.

संहिता पद्मजाच्याच पोटची होती.

संहिता वर्षाची असताना पद्मजाच्या बोटांच्या पेरांवर पहिले पांढरे ठिपके उठले. मग ओठांच्या कडेला, मग डोळ्यांभोवती. पद्मजा रसायनशास्त्र शिकलेली. कोड म्हणजे काय, हे तिनं आठवड्याभरात वाचून काढलं. शरीर स्वतःच्याच रंगाच्या पेशी मारून टाकतं. ते लागत नाही, दुखत नाही, आयुष्य कमी करत नाही. हे ज्ञान पुण्यात तिच्या काही कामाला आलं नाही. हळदीकुंकवाला तिनं करंडा पुढे केला की बायकांना एकदम घरची कामं आठवत. नणंदेच्या डोहाळजेवणाला सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या होत्या, "तू आपली आतच बस गं पद्मजा. बाहेर फोटोबिटो काढतायत."

अजितला हॉलंडमध्ये नोकरी लागली तेव्हा तिला वाटलं, सुटलो. पण ते राहायला गेले त्या रायस्वाइकला मराठी घरं पुष्कळ. गणपतीच्या आरतीला गेलं तरी प्रसाद हातात पडायच्या आधी कुणीतरी विचारायचंच, "वाढलंय का गं अजून?" अजित तिला कधी वाईट बोलला नाही. त्यानं फक्त तिच्याबरोबर बाहेर जाणं कमी केलं, आणि पुढे तो पुण्याला परत गेला तेव्हा एकटाच गेला. घटस्फोटाचे कागद टपालानं आले.

मग तिनं आइंडहोवनच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम धरलं आणि घर घेतलं टिलबर्गला, जिथे ओळखीचं कुणी नव्हतं. तोवर कोडानं आपलं काम पुरं केलं होतं. अंगावर तपकिरी असं काहीच उरलं नव्हतं. केस पांढरे झाले होते, त्यांना ती फिका तपकिरी रंग लावी. नव्या गावात पहिल्यांदा भाजी आणायला गेली तेव्हा सबंध दुकानात तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. पिशवी घेऊन बाहेर आल्यावर ती सायकलच्या कुलपाशी जरा वेळ नुसतीच उभी राहिली. तिला गोरं व्हायचं नव्हतं. कुणी आपल्याकडे बघू नये, एवढंच तिला हवं होतं.

शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाशी इनेकेनं संहिताकडे पाहत प्रेमानं विचारलं, "आणली तेव्हा केवढी होती ही?"

प्रश्न कळायलाच पद्मजाला एक क्षण लागला. 'नाही, माझीच आहे' म्हणायचं, तर सगळं सांगावं लागणार होतं. मग ऐकणारीची मान तिरकी होणार, नजर आपल्या हातांकडे जाणार.

"सहा महिन्यांची," ती म्हणाली.

बाकीचं इनेकेनं स्वतःच जुळवून टाकलं. पद्मा हे नाव, डचमधला तो कुठलासा परका हेल, आणि मूल पुण्याचं. तिच्या स्वतःच्या आत्येबहिणीनं तरुणपणी पुण्याच्या आश्रमात राहून भगवे कपडे आणि नवं नाव घेतलं होतं. ही बाई त्यांतलीच, मूळची पोर्तुगालबिर्तुगालची असणार. पद्मजानं फक्त 'नाही' म्हटलं नाही. संहिता तेव्हा लांब, सायकली लावण्याच्या जागी होती. तिनं काही ऐकलं नसावं, असं पद्मजा वर्षभर धरून चालली होती.

सिनेमाहून घरी आली तेव्हा संहिता पावाला लोणी लावत बसली होती. ती डचमध्ये म्हणाली, "माझं वर्गापुढचं भाषण पुढच्या आठवड्यात आहे. यूफ म्हणते, मी दत्तक मुलांवर बोलावं. म्हणजे माझ्यावरच." इथे प्रत्येक मुलाला असं भाषण करावं लागे, आणि ते ऐकायला पालक येत. यूफ म्हणजे वर्गाच्या बाई.

पद्मजा कोट न काढता खाली बसली. "तिला कुणी सांगितलं असं?"

"लोटेच्या आईनं. तिला तू सांगितलंस. पहिल्या दिवशी." लोटे ही इनेकेची मुलगी.

"तू ऐकलं होतंस?"

"हो."

"मग मला काही बोलली का नाहीस, बाळा?"

संहितानं सुरी चाटली. "तू हसत होतीस. रायस्वाइकला तू फाटकाशी कधीच हसायची नाहीस."

पद्मजानं कोट काढून खुर्चीवर टाकला. मग ती म्हणाली, "हे बघ. तू खरं काय ते सांग. कोड म्हणजे काय ते सांग. मी तुला चित्रं काढून देते. सोपं आहे ते."

"मग त्या सगळ्या आया म्हणतील, तू खोटं बोललीस."

"म्हणू देत."

"आणि मग तुझ्याकडे बघतील. आजीकडच्या लोकांसारखं."

"बघू देत," पद्मजा म्हणाली. "त्याहून खरं महत्त्वाचं आहे. तू माझी मुलगी आहेस."

"ओके," संहिता म्हणाली.

शनिवार-रविवार पद्मजानं त्वचेचे थर रंगीत पेन्सिलींनी काढले. मनातून ती भ्यालेली होती, पण कितीतरी दिवसांनी हलकीही झाली होती. भाषण म्हणून दाखव, असं तिनं दोनदा म्हटलं. संहिता दोन्ही वेळा म्हणाली, "पाठ झालंय गं."

भाषणाच्या दिवशी पालक मागच्या बाजूला मुलांच्याच बुटक्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसले होते. इनेकेनं पद्मजासाठी शेजारची जागा धरून ठेवली होती. संहिता फळ्यापुढे उभी राहिली. चित्रांची गुंडाळी तिच्या हातात नव्हती.

"माझा जन्म पुण्यात झाला," ती म्हणाली. "सहा महिन्यांची असताना मला ममानं आणलं."

पुढचं तिनं न अडखळता सांगितलं. दत्तक म्हणजे काय, आपण ममाला कशा आवडलो, ममा आपल्यासाठी वरणभात करायला कशी शिकली. मग खिशातून तिनं एक फोटो काढला. "आणि ही माझी पहिली आई."

फोटो बाकांवरून हातोहात फिरू लागला. एक लालकेस्या मुलगा ओरडला, "ती आता कुठे असते?"

"ती नाहीये," संहिता म्हणाली. "हळूहळू गेली."

फोटो मागे आला. "अगं, किती सुंदर!" इनेके कुजबुजली. "हनुवटी बघ, अगदी संहिताची." आणि तो तिनं पद्मजाच्या हातात दिला.

संहिताच्या बारशाचा फोटो होता. हिरवी पैठणी, जाड काळी वेणी, पाळण्यावर वाकलेला गव्हाळ सावळा चेहरा. कॅमेऱ्याकडे बेफिकीर बघणारे डोळे.

पद्मजा उठून उभी राहिली. "ही मीच आहे," ती डचमध्ये म्हणाली. "हा माझाच फोटो आहे. नंतर मला त्वचेचा विकार झाला आणि अंगाचा रंग गेला. हिला मी जन्म दिलाय. दत्तक घेतलं, हे मी खोटं सांगितलं होतं."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. फोटोकडे, तिच्याकडे, पुन्हा फोटोकडे. एका आईनं नजर खाली वळवली. यूफच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, जे ती पडलेल्या मुलाला उचलताना आणत असे. इनेकेनं उठून पद्मजाच्या खांद्यांभोवती हात टाकला.

"बस, बस गं," ती म्हणाली. "कळतंय आम्हाला. आई तूच आहेस. तुला कोण नाही म्हणतंय?"

"तसं नाही. खरंच—" ती संहिताकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "सांग ना गं त्यांना."

संहितानं आईकडे पाहिलं. मग आईकडे बघत असलेल्या त्या सगळ्या डोळ्यांकडे पाहिलं. ती बाकांमधून मागे आली, आईच्या हातातून फोटो सोडवून घेतला आणि वर्गाला डचमध्ये म्हणाली, "हा विषय निघाला की ममाला असं होतं."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात इनेकेनं वाजवल्या.

बाहेर येऊन दोघींनी सायकली काढल्या. कालव्याच्या कडेनं, वारा तोंडावर घेत त्या बरंच अंतर गेल्या. पुलाच्या चढावर संहिता उतरली आणि सायकल ढकलू लागली, म्हणून पद्मजाही उतरली.

"तो फोटो माझ्याजवळ राहू दे?" संहितानं विचारलं. किती दिवसांनी ती मराठीत बोलत होती.

"राहू दे."

चढ संपल्यावर संहिता थांबली. मग म्हणाली, "मला ती आठवतच नाही. तुला आठवते?"

पद्मजानं खाली पाण्याकडे पाहिलं. वाळू भरलेली एक बोट पुलाखालून चालली होती.

"थोडी थोडी," ती म्हणाली.