उन्हातला त्रिशूळ

आठचे ऊन आधी पाण्याच्या टाकीवर आले. तिथून ते, कसलीही घाई नसल्यासारखे, शाळेच्या पत्र्यावर उतरले, विजेच्या तारांवरून सरकले आणि द्राक्षबागेत शिरले. बागेतल्या प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला होता. त्या कागदांवर प्रकाश पिवळट, मऊ, जरासा शिळा दिसत होता. कुणी थांबून पाहावे असे त्यात काही नव्हते. सोमनाथ मात्र पाहत राहिला, कारण ते ऊन पुढे कुठे पोहोचणार हे त्याला ठाऊक होते.

बागेच्या बांधाशी, सारवलेल्या ओट्यावर, नऊ वर्षांची आरोही बसली होती. केस दुधासारखे, पापण्याही तशाच. वणीकडच्या त्या गावात अशी मुलगी पूर्वी कुणी पाहिली नव्हती. समोर तीनेकशे माणसे हात जोडून उभी होती.

कारभारीबाबांनी तिच्या दंडावर ओल्या भस्माचा जाड त्रिशूळ रेखला. "मंडळी, ही पोर नाय, साक्षात शुभ्रमाता हाय! डोळे बघा कसे भिरभिरतात. तिन्ही लोक एकदम बघती! आता सूर्य तिला भेटंल अन् माझा त्रिशूळ कातडीत उतरंल. कंपनी मोबाईलला वर्षाची गॅरंटी देती, आपल्या भस्माला जन्माची!"

दोन तासांनी त्यांनी भस्म पुसले. लालबुंद दंडावर पांढराशुभ्र त्रिशूळ उमटला होता. नारळ फुटले.

पंधरा दिवस हेच चालले होते. सोमनाथ तिचा वर्गशिक्षक. रोज शाळेआधी तो इथे येई, गर्दीत उभा राही आणि काहीच न वाटता परत जाई. मग हजेरीत आरोहीच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करी.

आज रथसप्तमी होती. "आज माता दुपारपर्यंत उन्हात बसंल," बाबा गरजले, "अन् शाळा कायमची बंद! देवीला कुठं पाढे लागतात?"

"तिच्या मानेवर फोड आलेत," सोमनाथ म्हणाला. आवाज आपलाच आहे हे त्याला क्षणभर पटले नाही.

"तेज हाय ते, गुरुजी! तुमच्या पुस्तकात नसंल."

सोमनाथ पुढच्या रांगेतल्या बागायतदाराकडे वळला. "वाल्मीकभाऊ, मनगटावरचं घड्याळ काढा."

"आँ?"

"काढा तर."

वाल्मीकने घड्याळ काढले. काळ्या मनगटावर फिक्कट पट्टा आणि मधोमध तबकडीएवढा वाटोळा फिका ठसा.

"हे कोणत्या बाबानं रेखलं?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसले. मग आणखी चौघापाचांनी घड्याळे काढून पाहिली.

"जिथं ऊन पोहोचत नाही तिथली कातडी बदलत नाही. भस्माच्या थराखालची वाचली, बाकीची भाजली, एवढाच चमत्कार. उन्हापासून राखणारं रंगद्रव्य हिच्या अंगात जन्मापासून पुरेसं बनत नाही. तुम्ही दिवसभरात रापता, ती तासाभरात भाजते. डोळे हलतात तेही त्याच कारणानं. तिला उजेड सोसत नाही, लांबचं दिसत नाही. भाऊ, तुम्ही घडांना कागद का लावलेत?"

"उन्हाचे चट्टे पडू नयेत म्हून..." वाल्मीक बोलता बोलता थांबला. मग त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून आरोहीच्या डोक्यावरून, खांद्यांवरून पांघरला.

"माता कोपंल! बागा जळतील!" बाबा ओरडले.

"मग काढा की तुमच्या टकलावर त्रिशूळ," गर्दीतली कलाबाई म्हणाली, "अन् बसा दुपारपर्यंत! तुमचं बी तेज बघू आम्ही."

हशा पिकला. बाबांची मोटारसायकल तिसऱ्या किकला सुरू झाली.

"हिला नारळ नकोत," सोमनाथ लोकांना म्हणाला. "पूर्ण बाह्यांचा सदरा हवा, टोपी हवी, गडद चष्मा, डॉक्टरांनी दिलेलं मलम आणि शाळा हवी. पुन्हा कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, हे दुसऱ्या कशानं होतं का?"

लोक पांगले. आरोहीची आजी, साळूबाई, नातीचा हात धरून उभी होती.

"उद्यापासून हिला वर्गात पाठवा, आजी."

"दोन वरीस पाठवलीच ना, गुरुजी." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "रोज रडत यायची. इथं बसवली तवा म्हणली, इथं बरंय आज्जे, इथं मला पुढं बसवतात."

वर्गातला मागचा अंधारा कोपरा तिच्या डोळ्यांना बरा, असे सोमनाथ मुख्याध्यापकांना सांगत आला होता; स्वतःलाही. खरे तर पहिल्या दिवशी मुले तिच्याकडे वळून वळून पाहू लागली, आणि त्यांना काय सांगावे ते त्याला सुचले नव्हते. म्हणून त्यानेच मागच्या भिंतीशी बसवलेल्या आरोहीला दोन वर्षांत फळ्यावरचे एक अक्षरही दिसले नव्हते, आणि हे त्याला पहिल्या आठवड्यापासून माहीत होते.